सोलापूरची जाहिरात करायची आहे, पैसे आधी कशावर घालावेत?

दमाणीनगर

नमस्कार. सोलापुरातल्या काही कारखानदार, डॉक्टर, बिल्डर आणि दुकानदारांनी मिळून एक समिती केली आहे. हेतू दोन: बाहेरचे उद्योग इथे यावेत, आणि पुण्याला गेलेल्या कुटुंबांपैकी काही परत यावीत. पहिल्या वर्षी बारा लाखांच्या आसपास रक्कम उभी राहील. महापालिका आणि जिल्हा उद्योग केंद्र बैठकीला येतात, पण पैसा समितीचाच.

आतापर्यंत पुढे आलेल्या सूचना: लोगो आणि घोषवाक्य, ड्रोनने काढलेली तीन मिनिटांची फिल्म, पुण्यात स्वारगेटजवळ होर्डिंग, मुंबईत हॉटेलात गुंतवणूकदारांचा मेळावा. चादर, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वर मंदिर सगळ्यात असलेच पाहिजे असा आग्रह आहे.

विचारायचे आहे ते असे. पैसे आधी कशावर घालावेत? पाण्याबद्दल काय सांगावे, कारण समोरच्याचा पहिला प्रश्न तोच असतो? आणि उद्योगांना बोलवायचे म्हणजे नेमके कुणाला? २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचे शहर आहे, म्हणजे अगदी गाव नाही. पण पुण्याशी बरोबरी सांगायला गेलो तर हसे होईल. रोखठोक सांगा, राग नाही.

जकातनाका

लोगो, ड्रोन आणि होर्डिंग तिन्ही बाजूला ठेवा. कारखाना टाकणारा माणूस फिल्म बघून जिल्हा ठरवत नाही. तो चार-पाच शहरांचे कागद समोर ठेवतो आणि ज्याचे उत्तर आले नाही ते शहर खोडतो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचे त्यावर ठरेल. सगळ्यांनाच आवतण दिले की कुणीच येत नाही. एक धंदा धरा. सोलापूरपुरता तो गणवेशाचा आहे. शाळेचे गणवेश शिवणारी युनिट इथे आधीच आहेत, कटिंग मास्टर आहेत, काज-बटण, भरतकाम, लेबल, खोके पुरवणारे आहेत, आणि माल महाराष्ट्राबरोबर कर्नाटक, तेलंगण, आखातापर्यंत जातो. नव्या येणाऱ्याला हीच गोष्ट मोलाची: मशिन बिघडले तर मेकॅनिक त्याच दिवशी येतो. बाकी शहरांत जमीन मिळेल, हे जाळे मिळणार नाही.

आता यात तुमची जाहिरात कुठे बसते? गणवेशाचे वर्ष शाळेच्या वर्षावर चालते. शाळा आणि मोठे दुकानदार जानेवारी ते मार्चमध्ये ठरवतात, माल जूनच्या मध्यापर्यंत पोचायला हवा, जुलैनंतर मशिन रिकामी बसतात. म्हणून घाऊक खरेदीदारांना सोलापूर दाखवायचे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मे महिन्यात बोलावले तर एक तर ४२ अंशांचे ऊन, दुसरे म्हणजे कुणा कारखानदाराला मान वर करायला सवड नसते. आणि जुलै ते नोव्हेंबरच्या रिकाम्या महिन्यांसाठी वेगळे गिऱ्हाईक शोधा: दवाखाने, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपन्या, हॉटेले. त्यांना शाळेचे वेळापत्रक नसते. हे गिऱ्हाईक आणून देणे हेच समितीचे सर्वात उपयोगी काम ठरेल.

खरेदीदार आला की त्याची तक्रार कुठे असते तेही आधी माहीत असू द्या. भावावर फारसे अडत नाही, अडते ते रंगाच्या फरकावर. शर्टाचे कापड एका लॉटचे, तीन महिन्यांनी वाढीव मागणीचे दुसऱ्या लॉटचे, आणि वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांचे निळे वेगळे. भिलवाड्याहून येणाऱ्या ६५:३५ पॉलिएस्टर-व्हिस्कोस सूटिंगमध्येही हे होते. उपाय साधा आहे: मंजूर शेडचे तुकडे दोघांकडे सहीसह ठेवायचे, आणि वाढीव मागणीसाठी एकूण कापडाच्या दहा टक्के त्याच लॉटमधून आधीच बाजूला काढायचे. दुसरी तक्रार साइजची. छाती २२ पासून ४४ इंचांपर्यंत दोन-दोन इंचांनी साइज चढतात, पण एका कारखान्याचा ३० दुसऱ्याच्या ३२ ला भिडतो. समितीतल्या गणवेशवाल्यांनी एकच माप-तक्ता मान्य करून छापला तर ती कोणत्याही घोषवाक्यापेक्षा मोठी जाहिरात.

कामगारांचा मुद्दा याला जोडून. कुंभारीजवळ रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प आहे. त्यातली पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली गेली. विडी कामगार महिलांची मोठी वस्ती तिथे आहे. शिलाई युनिट टाकणाऱ्याला सांगा की शंभर मशिनच्या लाइनला कटिंग, चेकिंग, इस्त्री आणि पॅकिंग धरून दीडशे माणूस लागतो आणि तो घरापासून चालत येण्याच्या अंतरावर मिळू शकतो. पण अर्धेच सांगू नका. विडीचे काम घरी बसून, नगावर आणि आपल्या वेळेने होते. शिलाई लाइनला साडेनऊला सगळ्या खुर्च्या भरलेल्या लागतात. पहिले तीन महिने गैरहजेरी जास्त राहणार, हे धरूनच माणसे घ्यावी लागतील. पाळणाघर ठेवले नाही तर ती कमी होणार नाही, आणि एवढ्या संख्येला ते कायद्यानेही ठेवावेच लागते.

विजेचा अंदाजही द्या. सर्वो मोटरच्या मशिनला अर्धा किलोवॉट धरला तर शंभरला ५०, वर इस्त्रीचा बॉयलर, दिवे, पंखे मिळून ७० ते ८० किलोवॉट. ही मागणी कोणत्या औद्योगिक वसाहतीत किती दिवसांत मिळते ते महावितरणकडून लेखी आणा आणि तो कागद पाहुण्याच्या हातात द्या.

उत्तर कसबा

जकातनाका यांच्याशी सहमत, फक्त एक कोपरा राहिला. सवलतींची तुलना.

राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत सवलत तालुक्याच्या गटावर ठरते, आणि वस्त्रोद्योग धोरण २०२३-२८ मध्ये विभागावर. दोन्हींत मराठवाडा आपल्यापेक्षा वरच्या पायरीवर. आता नकाशा बघा. तुळजापूर रस्त्याला विसेक किलोमीटर गेलात की तामलवाडी, आणि जिल्हा बदलतो: धाराशिव, म्हणजे मराठवाडा. तो तर नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. त्यामुळे सोलापूरजवळची चिंचोळी एमआयडीसी की तामलवाडी असा हिशेब करणारा हुशार माणूस तामलवाडीकडे झुकतो, आणि त्यात वावगे काही नाही. बालाजी अमाइन्ससारखा रसायन कारखाना तिथेच वाढला.

समितीने इथे जिल्ह्याचा अभिमान आड येऊ देऊ नये. कारखाना तामलवाडीत झाला तरी मॅनेजर सोलापुरात घर घेणार, मुले सोलापूरच्या शाळेत, बायको सोलापूरच्या दवाखान्यात नोकरीला. दोन्ही पर्यायांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडा. बाहेरच्याला तुमचा प्रामाणिकपणा तिथेच कळेल. सवलतींचे दर मात्र स्वतः छापू नका, शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख द्या. दर बदलतात आणि जुने पत्रक दोन वर्षांनी कुणीतरी तोंडावर मारते.

जुने बंद कारखाने विकत घेऊन देतो असे सांगणारे दलाल मधे घुसतील. एमआयडीसीचा प्लॉट हस्तांतराने घेताना एमआयडीसीचे हस्तांतर शुल्क, थकलेली पाणीपट्टी आणि सेवाशुल्क, महावितरणची थकबाकी, बँकेचा बोजा, आणि मूळ मालकाने बांधकाम पूर्णत्वाचा दाखला घेतला होता का, एवढे तपासल्याशिवाय समितीच्या नावाने शब्द टाकू नका. थकबाकी मालकाची असली तरी नव्या जोडणीच्या वेळी ती नव्या माणसाच्या गळ्यात येऊ शकते. अक्कलकोट रोडची औद्योगिक वसाहत शहराला लागून आहे, तिथे पाणी कुणाचे, रस्ता कुणाचा, कर कुणाला, हे तीन प्रश्न लेखी विचारून घ्या.

सोरेगाव फिल्टर

पाण्याचे उत्तर मी देतो.

लपवू नका. पाण्याचा खंड चार-पाच दिवसांचा असतो हे पुण्यातल्या प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक आहे. त्याच्या आईचा फोन येतच असतो. "पाणीप्रश्न मार्गी लागला" असे पत्रकात छापलेत की बाकीच्या दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो.

वस्तुस्थिती अशी मांडा. शहराला पाणी मुख्यतः उजनीचे, ११० किलोमीटरवरून. समांतर जलवाहिनी रोज १७० दशलक्ष लिटर क्षमतेची आहे. लोकांना वाटते की मोठा पाइप आला म्हणजे रोज नळ. पण पाइप पाणी शहराच्या वेशीपर्यंत आणतो. पुढे शुद्धीकरण, मग उंच टाक्या, मग गल्लीतल्या वाहिन्या, यातले जे सर्वात अरुंद तेवढेच पाणी नळाला. गावठाणातल्या जुन्या वाहिन्या एका दाबाच्या, १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागात दुसराच प्रकार. म्हणून "सोलापूरला किती दिवसांनी पाणी" याला एक उत्तर नाही. भागवार उत्तर द्या: झोनचे नाव, दिवसांचा खंड, किती तास, आणि माहितीची तारीख. ही यादी दर तीन महिन्यांनी बदलून समितीच्या पानावर टाका. महापालिकेला यात अवघडल्यासारखे वाटेल, पण वेळापत्रक तर तेच जाहीर करतात.

त्याच्या खाली तोडगा द्या, हिशेबासह. शहरी मापदंड माणशी रोज १३५ लिटर. पाच माणसांचे घर, पाच दिवसांचा खंड: ५ × १३५ × ५ = ३,३७५ लिटर. एक पाळी हुकली किंवा कमी दाबाने आली तर म्हणून वर दीडपट धरा, म्हणजे ५,००० लिटरची जमिनीखालची टाकी. वीस फ्लॅटच्या सोसायटीला सरासरी साडेचार माणसे धरली तर पाच दिवसांचेच ६०,७५० लिटर होतात. बिल्डरने ३० हजारांची टाकी बांधून "भरपूर पाणी" म्हटले की तिथे टँकर सुरू होणार हे लिहून ठेवा. समितीत बिल्डर आहेत म्हणालात. त्यांनी आपापल्या इमारतींच्या टाक्यांचे आकडे जाहीर करावेत, मग बघू.

काळ्या जमिनीत टाकी बांधताना एक चूक नेहमीची. जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि विटांच्या भिंतीला तडा देते. गळती वरून दिसत नाही, बिल मोटरच्या विजेवर दिसते. आरसीसी टाकी, चारी बाजूंनी मुरूम भरून, आणि वर्षातून एकदा रात्री पातळी खुणा करून सकाळी पुन्हा बघायची.

उद्योगांना मात्र वेगळे सांगा. चिंचोळीत पाणी एमआयडीसी देते, शहराच्या पाळ्या तिथे लागू नाहीत. हा फरक सांगितला नाही तर कारखानदार घरगुती नळाच्या बातम्या वाचून परत जातो. आणि ज्याला रंगाई-धुलाईचा कारखाना टाकायचा आहे, त्याला पाण्याबरोबर सांडपाणी कुठे सोडणार हेही पहिल्याच भेटीत विचारा. नाहीतर सहा महिन्यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपाशी गाडी अडते आणि नाव शहराचे खराब होते.

हुतात्मा डब्बा डी ४

परत येणाऱ्यांबद्दल कुणी बोलले नाही. तोच गट सर्वात जवळचा आहे.

पुण्यात राहणारा सोलापूरकर पगारासाठी गेला. परत येणे त्याला परवडते दोनच परिस्थितीत: घरून काम चालत असेल, किंवा स्वतःचा धंदा असेल. बाकीच्यांच्या मागे लागू नका. आयटी पार्कची घोषणा झालेली आहे, पण उभी इमारत आणि त्यात भाड्याने बसलेली कंपनी दिसेपर्यंत ती पत्रकात नको.

घरून काम करणाऱ्याला काय लागते? पहिले, त्याच्या गल्लीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फायबर आहे का. एकाच खांबावरून दोन्ही गेले असतील तर खांब पडल्यावर दोन्ही बंद, हेही बघायला सांगा. दुसरे, राउटर आणि लॅपटॉप चार तास चालवणारा इन्व्हर्टर. तिसरे, महिन्यातून दोनदा पुण्याला ऑफिसात जाऊन येण्याची सोय. इथे सोलापूर खरेच चांगले आहे: सकाळची हुतात्मा एक्सप्रेस साधारण चार तासांत पुण्यात, संध्याकाळी तीच परत आणते. मुंबईला फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे, साडेसहा तास, आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस तर आहेच. रस्त्याने पुणे २५० किलोमीटर, हैदराबाद ३१० च्या आसपास. विमान म्हणाल तर २०२५ मध्ये गोवा आणि मुंबई सुरू झाले. विमानांची वेळ पत्रकात छापू नका, ती बदलते.

जोडीदाराची नोकरी हा मुद्दा सगळे विसरतात. घर, शाळा, आईवडील सगळे जुळते आणि बायकोला किंवा नवऱ्याला काम मिळत नाही म्हणून गाडी पुण्याच्या वाटेवरच्या मोडनिंबवरून मागे फिरते. सोलापुरात डॉक्टर, नर्स, लॅब, फार्मसी, शिक्षक यांना काम मिळते, कारण हे दवाखान्यांचे शहर आहे. विजयपूर, कलबुर्गी, धाराशिवचे रुग्ण इथे येतात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. हिशेबनीस आणि डिझाइनच्या माणसांनाही गणवेश आणि टॉवेलवाल्यांकडे काम आहे, पण त्याची जाहिरात कुठेच येत नाही. समितीने शंभर कारखान्यांतल्या रिकाम्या जागा महिन्यातून एकदा एका पानावर टाकाव्यात. पगाराचा आकडा लिहूनच. "योग्य वेतन दिले जाईल" वाचून पुण्याहून कुणी उठत नाही.

घराबाबत: शहराच्या कडेने गुंठेवारीचे प्लॉट स्वस्तात दाखवले जातात. समितीच्या व्यासपीठावर असले प्लॉट येऊच देऊ नका. सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन, आणि प्रकल्प असेल तर महारेराचा क्रमांक, ही चारही नसतील तर नाही म्हणा. एक फसलेला परत येणारा पन्नास जणांना थांबवतो.

दमाणीनगर

खूप उपयोगी, धन्यवाद. पाण्याचे भागवार पान करायचे हे मला तरी पटले, बैठकीत आवाज होईल.

दोन शंका. चादर एकदम बाजूला ठेवायची का? ती लोकांना माहीत आहे, फुकटची ओळख आहे. आणि अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूरला जाणारे हजारो लोक इथून जातात, त्यांच्यासाठी काही करावे का? समितीतले हॉटेलवाले मागे लागले आहेत.

जेकार्ड

चादर बाजूला ठेवू नका, पण ती फोटोत टाकून भागत नाही.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांना २००५-०६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले. कागद आहे, वापर नाही. देशभरच्या जत्रांत आणि रेल्वे स्टेशनांबाहेर "सोलापुरी" म्हणून जो माल खपतो त्यातला बराच पानिपतहून येतो. मानांकनाचा वापर करायचा तर प्रत्येक उत्पादकाने चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नाव नोंदवावे लागते. संघटनेचे मानांकन आहे म्हणजे आपोआप आपले झाले, असे बहुतेकांना वाटते. ते तसे नसते. फॉर्म जीआय-३, उत्पादनाचा पुरावा, मूळ नोंदणीधारक संस्थेला प्रत. समितीने एक माणूस बसवून वीस यंत्रमागधारकांचे अर्ज भरून दिले तरी वर्षाचे काम झाले. मग लेबलवर बोधचिन्ह येते आणि नक्कल विकणाऱ्याला नोटीस पाठवायला हातात काहीतरी असते.

धंद्याच्या दृष्टीने मात्र टॉवेल चादरीपेक्षा पुढे आहे. हॉटेलवाल्यांना टॉवेल विकायचा असेल तर मोर आणि नक्षी दाखवू नका, वजन दाखवा. ३० × ६० इंचांचा टॉवेल म्हणजे १.१६ चौरस मीटर. ५०० जीएसएम (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) सांगितला तर तो ५८० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. खरेदीदारासमोर तराजूवर ठेवा. ५२० भरला तर तो ४५० चा माल आहे, आणि हे त्याने घरी जाऊन शोधण्याआधी तुम्हीच सांगितलेले बरे. दुसरी परीक्षा धुण्याची: एकदा धुवून मोजायचा, किती आटला आणि किती लव सुटली. पहिल्या धुण्यात लव सुटतेच, तिसऱ्या धुण्यानंतरही बादलीत गोळे दिसले तर पाइलचा, म्हणजे वरच्या फासांचा, धागा कमी पिळाचा आणि विणीत सैल आहे. कांजीने जड केलेला मालही पहिल्या धुण्यात उघडा पडतो, म्हणून धुतल्यानंतरचे वजनही लिहून द्या. असा तक्ता सोलापूरच्या कारखान्यांनी दिला तर गिऱ्हाईक दुसरीकडे तोच मागायला लागेल, आणि बऱ्याच ठिकाणी तो मिळणार नाही.

बाळीवेस

यात्रेकरूंचे थोडक्यात.

अक्कलकोट ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर ७० ते ७५. अंतर इतके कमी की माणूस सोलापुरात न थांबताही सगळे उरकतो. त्याला दिवसा थांबवायचा प्रयत्न करू नका, रात्री थांबवा. अक्कलकोटला गुरुवारची गर्दी, तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा. म्हणजे खोल्यांना मागणी सोमवार, बुधवार आणि गुरुवारच्या रात्री. त्या रात्रींसाठी हॉटेलांनी मिळून एकच दर, पहाटे पाचला चहा आणि साडेपाचला निघणारी गाडी एवढे दिले तरी पुरे. संध्याकाळी सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, आणि जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी. नान्नजचे माळढोक अभयारण्य पत्रकात आवर्जून टाकतात. तिथे माळढोक दिसेल असे कबूल करू नका, आता तो फारच दुर्मिळ आहे. काळवीट दिसतात, तेवढेच लिहा.

पण हॉटेलवाल्यांचा खर्च हॉटेलवाल्यांनी करावा. समितीच्या बारा लाखांतून नको.

जकातनाका

बारा लाख आधी कशावर घालावेत असे विचारले होते, त्याचा अंदाज असा.

सर्वात मोठा खर्च एका पूर्णवेळ माणसावर: महिना ३५,०००, वर्षाचे ४ लाख २० हजार. त्याचे काम आलेल्या प्रत्येक चौकशीला दोन कामाच्या दिवसांत उत्तर देणे. बैठकीत यावर विरोध होईल, कारण पगार फोटोत दिसत नाही. तरी हाच खर्च आधी करा. मेळाव्यांत सामंजस्य करार होतात, आकडे वर्तमानपत्रात येतात, आणि मग त्या कंपनीने विचारलेल्या "११ केव्हीची वाहिनी किती लांब आहे" या प्रश्नाला तीन महिने उत्तर जात नाही, कारण ते कुणाचेच काम नसते. माणूस असा घ्या की ज्याला एमआयडीसीचे ऑनलाइन अर्ज, मैत्री पोर्टल (उद्योगांच्या परवानग्यांची राज्याची एक खिडकी) आणि महावितरणचे कार्यालय तिन्ही ठिकाणी काय लागते ते ठाऊक आहे. मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर सोन्याहून पिवळे; सोलापुरात असा माणूस सापडणे अवघड नाही, आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणे ही पुण्याला न जमणारी गोष्ट आहे.

वीस घाऊक खरेदीदारांची दोन रात्रींची भेट: खोल्या, गाड्या, जेवण, नमुने मिळून ३ लाख. पुण्यात सोलापूरकरांच्या चार छोट्या बैठका, हॉल आणि चहा, मोठे व्यासपीठ नको: दीड लाख. माहितीचे पान, माप-तक्ता, टॉवेलचा तक्ता, छपाई: एक लाख. राहिलेल्याला हात लावू नका. एखादा खरा गुंतवणूकदार जमीन बघायला आला की माती तपासणी, मोजणी, वकील यासाठी तो पैसा लागतो, आणि तेव्हा वर्गणी गोळा करत बसायला वेळ नसतो.

माणसाने एकच वही ठेवावी: चौकशीची तारीख, काय विचारले, उत्तर कधी गेले, नाही म्हणाला तर कारण. "नाही" चा रकाना सर्वात महत्त्वाचा. वर्षभरात तीस जण नाही म्हणाले आणि त्यातल्या अठरांनी विमान म्हटले की पाणी, हे कळले तर आयुक्तांसमोर बसून बोलता येते. नुसते "शहराची प्रतिमा सुधारली पाहिजे" म्हणून काही हलत नाही.

उत्तर कसबा

वहीत एक रकाना वाढवा: चौकशी कुठून कळून आली. होर्डिंग, नातेवाईक, बँक मॅनेजर, की चार्टर्ड अकाउंटंट. माझा अंदाज शेवटच्या दोघांवर. तसे निघाले तर पुण्यातल्या लघुउद्योगांना कर्ज देणाऱ्या शाखाधिकाऱ्यांना आणि सीएंना चिंचोळी-तामलवाडीचा तुलनेचा तक्ता पोचवा. ते काम फुकटात होते.

बाळीवेस

तारखांबद्दल राहिले. खरेदीदारांची भेट पुढे ढकलत जानेवारीत नेऊ नका. संक्रांतीच्या आसपास गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, असतो, शहरात खोली मिळत नाही, होम मैदानाकडचे रस्ते वळवलेले असतात आणि कारखान्यातले निम्मे कामगार नंदीध्वजांच्या मिरवणुकीत. पाहुण्यांना हुरडा खाऊ घालायचाच असेल तर डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा बघा, पेरणी वेळेवर झाली असेल त्या वर्षी तोवर कणसे भरतात. शेतकऱ्याला आधी फोन करून विचारा, मगच निमंत्रणावर तारीख छापा.